डुकरांच्या शेडला फॉगर बसवला, दोन उन्हाळे वापरून मग लिहितोय

दुकानाला साडेतीन स्टार, फॉगरला, म्हणजे पाण्याचं बारीक धुकं सोडणाऱ्या नोझलला, दोन, आणि त्याच दुकानात मागच्या बाजूला स्टुलावर बसून पाईपाला थ्रेड मारणाऱ्या काकांना पाचपैकी सहा. असं का ते सांगतो, थोडं लांबेल, पण ज्याला ठाणे-कल्याण-भिवंडी-पनवेल पट्ट्यात जनावरांच्या शेडला कूलिंग करायचंय त्याने पूर्ण वाचा, निदान माझ्यासारखे पंचवीस हजार पाण्यात जाणार नाहीत, आणि इथे पाण्यात म्हणजे खरंच पाण्यात.

आधी माझं सांगतो. राहायला कळव्याला, नोकरी ठाण्यात, आणि भिवंडी तालुक्यात पडघ्याच्या आत वडिलांची थोडी जागा आहे तिथे छोटं पिगरी फार्म टाकलंय. सहा माद्या, एक नर आणि लहानमोठी पिल्लं धरून पन्नासच्या आसपास. सगळी पांढरी, यॉर्कशायर आणि लँडरेसचा क्रॉस. हो, डुकरं. पोल्ट्री आहे सांगितलं की लोक शेठ म्हणतात, डुकरं आहेत सांगितलं की दोन सेकंद गप्प होतात आणि मग विचारतात वास येत नाही का. येतो, पण मे महिन्यातल्या लोकलपेक्षा कमी येतो.

आता मुद्दा हा की डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी नावाला आहेत, अंग थंड करायच्या कामाच्या नाहीत. त्यामुळे गरम झालं की त्याच्याकडे तीनच उपाय, धापा टाकायच्या, थंड जमिनीला पोट लावून पसरायचं, नाहीतर ओल्यात लोळायचं. चिखलात लोळतात ते घाण आवडते म्हणून नाही, चिखल अंगावर हळूहळू सुकतो आणि तेवढा वेळ थंडावा देतो, वर पांढऱ्या कातडीचं उन्हापासून रक्षण करतो. जागा पुरेशी असली ना तर डुक्कर स्वतःचा हगायचा कोपरा वेगळा ठेवतं, झोपायची जागा वेगळी. पण उकाडा वाढला की त्याच घाणेरड्या कोपऱ्यात जाऊन पडतं, कारण ओलं तेवढंच असतं. पहिल्या वर्षी मी आमच्या मामांवर ओरडलो होतो की शेड धुतली नाही का, हे मामा म्हणजे फार्मवर राहून सगळं बघतात ते. ते म्हणाले, "दादा, धुतलीय. त्यांना उकडतंय म्हणून तिथं पडल्यात." तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

तर मागच्या मार्चमध्ये ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या एका दुकानातून फॉगर सेट घेतला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण माल खराब दिला असं झालंच नाही, चुकीचा दिला एवढंच, आणि त्यातली अर्धी चूक माझी. सेटमध्ये काय होतं, तर चार तोंडांचे बारा फॉगर, सोळा एमएमची लॅटरल पाईप, एक एचपीचा पंप, प्रेशर गेज आणि एक साधा टायमर. फिटिंग धरून पंचवीस हजार आठशे. फॉगरच का, तर माझा मेहुणा जालन्याला पोल्ट्री करतो आणि त्याच्याकडे मी स्वतः बघितलंय, बाहेर ४२ आणि शेडमध्ये शिरलं की माथेरानला आल्यासारखं. त्याने फोनवर सांगितलं, "भाऊजी, डोळे झाकून घ्या." आणि मी खरंच डोळे झाकून घेतले.

दुकानदार बोलायला एकदम गोड. "साहेब, दहा डिग्री ड्रॉप गॅरंटी." कागदावर द्या म्हटलं तर हसला. फिटिंगवाला सकाळी दहाला येणार होता तो दुपारी तीनला आला, पण त्याचा राग नाही, माजिवडा ते वडपे ज्याने गाडी चालवलीय त्याला माहितीय तिथे वेळ कोणाच्या बापाची नाही. मुलगा कामाला चांगला होता. पाईप सरळ ओढली, क्लॅम्प नीट मारले, प्रत्येक फॉगरला गळती थांबवणारा वॉल्व्ह लावला म्हणजे पंप बंद झाल्यावर टिपटिप होत नाही. संध्याकाळी चारला सुरू केलं. शेडमध्ये मी आधीच तापमान आणि ह्युमिडिटी दाखवणारं छोटं मीटर टांगलं होतं. ३७ वर होतं, वीस मिनिटांत ३१. सहा डिग्री! डुकरं उठून फॉगरखाली आली, तोंड वर करून उभी. मी व्हिडिओ काढून मेहुण्याला पाठवला, बायकोला पाठवला, स्टेटस ठेवलं. बायकोचा रिप्लाय आला, "आपल्या हॉलचा एसी कधी रिपेअर होणार?" तो विषय वेगळा.

आता यातली ग्यानबाची मेख बघा. तो मार्च होता. आपल्याकडे मार्चमध्ये बऱ्याचदा पूर्वेकडून, म्हणजे जमिनीवरून कोरडं वारं येतं, समुद्राचं वारं दुपारी उशिरा सुटतं, म्हणून पारा ३८-३९ पर्यंत जातो पण हवा कोरडी असते. त्या दिवशी मीटरवर ह्युमिडिटी होती २५. फॉगर काम कसं करतो, तर पाण्याचे धुक्यासारखे बारीक कण हवेत सोडतो, ते कण हवेतच सुकतात आणि सुकताना हवेतली उष्णता घेतात. हवा कोरडी असली की फटाफट सुकतात आणि शेड गार. म्हणजे डेमो शंभर टक्के खरा होता, फक्त तो आपल्या मे महिन्याचा डेमो नव्हता. तो जालन्याचा डेमो होता, पडघ्यात झाला एवढंच.

मे महिन्याची वीस-बावीस तारीख. आकाशात ते मळकट ढग, वारा पडलेला, झाडाचं पान हलत नाही, दाराची कडी हाताला चिकटते असला उकाडा. मामांचा दुपारी एकला फोन, "दादा, लाल टॅगवाली लई धापा टाकतीय, या लवकर." ही माझी सगळ्यात मोठी मादी, दहा-बारा दिवसांत विणार होती. हाफ डे टाकून पोचेपर्यंत अडीच. शेडमध्ये पाय टाकला तर तोंडावर ओला टॉवेल मारल्यासारखं झालं. फॉगर सकाळी अकरापासून सलग चालू. मामांनी धुकं बाहेर जाऊ नये म्हणून बाजूचे पडदे पण खाली सोडले होते, आणि तसं सांगणारा शहाणा मीच. मीटर बघितलं, तापमान ३३, ह्युमिडिटी ९०. फॉगर सुरू करायच्या आधी ३५ आणि ६८ होती असं मामा म्हणाले. म्हणजे साडेतीन तास पंप चालवून कमाई दोन डिग्री आणि वर वाफाळलेली शेड.

मादीजवळ बसलो. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बरगड्या मोजल्या, एका मिनिटात ९२ श्वास. मोठं डुक्कर आरामात असेल तर वीस-तीसच्या घरात घेतं, चाळीसच्या वर गेलं की त्याला गरम होतंय समजायचं. तोंड उघडं, जबड्याला फेस, कानामागे आणि पोटाला लाल चट्टे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाठीवर हात फिरवला तर केसांच्या टोकांवर मोत्यासारखे बारीक थेंब बसलेले, आणि केसांच्या खाली कातडी कोरडी आणि तव्यासारखी गरम. साडेतीन तास धुक्यात पडलेलं जनावर आणि अंग कोरडं! तिथेच मला सगळा हिशेब कळला. हवेत आधीच एवढी वाफ की धुकं सुकायला जागा नाही, कण इतके बारीक की कातडीपर्यंत पोचत नाहीत, आणि धापा टाकून ती जी थोडी उष्णता बाहेर काढत होती त्याचाही मार्ग मी बंद करून ठेवला होता, कारण धाप पण शेवटी ओल सुकण्यावरच चालते.

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले फॉगर बंद, पडदे वर, साधं पाणी आधी पायांवर, कानांवर, मानेवर हळूहळू, बर्फाचं पाणी एकदम अंगावर ओतू नका, कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते, शिवाय झटका बसून जनावर जातं. आणि पंखा लावा. थर्मामीटर लावला तर १०५ च्या वर, एरवी १०२ च्या आसपास असतं. फार्मवर होता तो घरचा टेबल फॅन, तो विटांवर ठेवून तिच्या मानेवर मारला, मामा तांब्यातांब्याने पाणी सोडत होते, पाणी टाकायचं, पंख्याने सुकू द्यायचं, परत टाकायचं. तासाभरात श्वास ५० च्या खाली आला. संध्याकाळी उठून पाणी प्यायली. वाचली. नंतर विली पण, नऊ पिल्लं, त्यातली दोन मेलेली निघाली, उन्हामुळे की अजून कशामुळे ते देवालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात. डोकं फिरलेलं होतं, खोटं कशाला बोलू. दुकानदार म्हणाला, "साहेब, फॉगर तर व्यवस्थित चालतोय ना? मग प्रॉब्लेम काय?" टेक्निकली बरोबर. नोझल चालतायत, पंप चालतोय, प्रेशर चार किलो दाखवतंय. वर म्हणतो अजून आठ फॉगर वाढवा, डेन्सिटी कमी पडतेय. म्हणजे बुडणाऱ्याला अजून पाणी पाजा. मी आवाज चढवणार तेवढ्यात मागून ते काका म्हणाले, "अरे पोरा, तुझी शेड कुठे आहे?" पडघा सांगितलं. "मग ही खाडीची हवा, इथं धुकं नको, पाऊस पाड."

तेवढंच बोलले आणि परत थ्रेड मारायला लागले. मी स्टूल ओढून बसलो. त्यांनी चहा मागवला आणि मग एकेक सांगितलं. आपल्या हवेत हवा गार करायच्या नादी लागायचंच नाही, जनावराचं अंग गार करायचं. त्यासाठी थेंब मोठा पाहिजे, कातडी भिजली पाहिजे, मग पाणी बंद करायचं आणि ते अंगावरून सुकू द्यायचं. सुकताना जे थंड होतं तेच खरं काम. सतत पाणी चालू ठेवलं तर सुकतच नाही, नुसता चिखल. आणि सुकायला हवा हलती पाहिजे म्हणून पंखा. नुसता पंखा पण नाही पुरत. आपल्याला पंख्याखाली बरं वाटतं ते घाम सुकतो म्हणून, डुकराला घामच नाही तर पंखा काय सुकवणार? म्हणून आधी पाणी, मग पंखा, मग थांबा, मग परत पाणी. मी विचारलं, "काका, हे मार्चमध्ये का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "तू विचारलंस कुठे, तू तर फॉगरच द्या म्हणत आलास." गप्प बसलो, दुसरं काय करणार.

तर बदल काय केला. बारा फॉगर काढले, त्याच लॅटरलवर दहा मायक्रो स्प्रिंकलर लावले, तासाला ९० लिटरवाले, मोठ्या थेंबाचे. प्रत्येक कप्प्यात एक, भिंतीपासून लांब आणि खाण्याच्या कुंडीपासून अजून लांब, कारण खाद्य भिजलं की उन्हाळ्यात दोन तासांत आंबतं. साधा टायमर जाऊन सायक्लिक टायमर आला, वर एक सोलेनॉइड वॉल्व्ह, म्हणजे टायमरच्या इशाऱ्यावर पाणी आपोआप सुरू-बंद करणारा. सेटिंग दोन मिनिटं चालू, अठरा मिनिटं बंद. फिल्टर सेटमध्ये नव्हताच, तो वेगळा घ्यावा लागला. बोअरचं पाणी जड असेल तर फिल्टरशिवाय नोझल घेऊच नका, माझे चार फॉगर दीड महिन्यात क्षाराने बंद पडले होते, लिंबूसताच्या पाण्यात रात्रभर ठेवले तेव्हा मोकळे झाले. हे दुकानदाराने आधी सांगायला हवं होतं, साडेतीन स्टारमधला अर्धा तिथे कापलाय. दोन मोठे वॉल फॅन घेतले, आणि एक दुसऱ्या दुकानातून, कारण इथे संपले होते. फॉगर परत घेतले नाहीत, पण टायमरचे पैसे वळते केले आणि काकांच्या सांगण्यावरून फिटिंगचे घेतले नाहीत. सगळं मिळून अजून अकरा-साडेअकरा हजार गेले.

पाण्याचा फरक ऐका. चार तोंडांचा एक फॉगर तासाला २८ लिटर पाणी ओढतो, बारा म्हणजे ३३६ लिटर. अकरा ते चार पाच तास सलग चालवला की सोळाशे-सतराशे लिटर. मे मध्ये बोअर खाली जातं तेव्हा हे टँकरचं पाणी असतं, विचार करा. आता स्प्रिंकलर तासाला फक्त सहा मिनिटं चालतात, म्हणजे दहा मिळून ९० लिटर, पाच तासांत साडेचारशे. पाऊण पाणी वाचलं आणि जनावर जास्त गार. टायमर मी मात्र डोळ्यांनी बघून सेट करतो. पाणी बंद झालं की एका डुकराच्या पाठीकडे बघत बसायचं, आधी सगळी पाठ चमकते, मग कण्यावरून सुकत सुकत बाजूला येते, खांदे शेवटी. सगळी सुकली की पुढचा राउंड यायला पाहिजे. एप्रिलमध्ये बारा-तेरा मिनिटांत सुकतं, मे अखेरीला वीस मिनिटांत पण नाही, तेव्हा गॅप वाढवायचा आणि पंखा जवळ आणायचा. कोणी विचारतं ऑटोमॅटिक सेन्सर का नाही बसवत, अरे पाठ हाच सेन्सर.

ह्या उन्हाळ्यात ३७ ला पण माझ्याकडे कोणी तोंड उघडून धापा टाकली नाही, दुपारी मोजलं तर मोठ्यांचे ४० ते ४५ श्वास. अगदी आरामात नाहीत, डुकराला वीस-बावीस डिग्री आवडतं, ते आपण पडघ्यात कुठून आणणार, पण निभावतं. आणि झोपण्यावरून पण कळतं. थंडीत एकमेकांच्या अंगावर चढून झोपतात, बरं वाटत असेल तर शेजारी शेजारी, आणि उकडत असेल तर प्रत्येक जण लांब, चारही पाय ताणून.

विणीच्या खोलीचं मात्र हे चालत नाही, तिथे काळजी घ्या. एकाच खोलीत आईला एसी पाहिजे आणि पोरांना हीटर असला प्रकार असतो. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला ३२ ते ३५ डिग्री ऊब लागते, ती त्यांची बल्बवाली पेटी मे मध्ये पण रात्री लावतो, आणि आई वीसच्या वर गेली की कुरकुरते, पंचविशीच्या पुढे तर खाणं कमी, खाणं कमी की दूध कमी. तिथे स्प्रिंकलर लावला तर पिल्लं भिजून गारठतात, हगवण लागते. म्हणून काकांनी ड्रीपर दिले, आपले शेतातले असतात तेच, तासाला तीन-चार लिटरवाले, बरोबर मादीच्या मानेवर आणि खांद्यावर थेंब पडेल असे. तोंडावर नको, कानात नको. आडवी पडलेली असते तेव्हा मानेवरून पाणी ओघळतं आणि पिल्लं मागे सडांकडे कोरडी राहतात. ड्रीपर एक वीस रुपयांचा पण नाही. ह्या सगळ्या खर्चात पैसे सगळ्यात जास्त वसूल कशाचे झाले असतील तर ह्याचे. लाल टॅगवाली आता थेंब सुरू व्हायची वेळ झाली की आपणहून मान त्या जागेवर नेऊन ठेवते, मामा म्हणतात पार्लरला आलीय.

त्याच दुकानातून पाणी प्यायचे निप्पल पण घेतले होते, त्याचं लिहायचं राहिलं. निप्पल स्टीलचे, मजबूत, एक पण गळत नाही, चार स्टार. पण एक टेस्ट सगळ्यांनी करा, खाली मोजायचा मग धरून एक मिनिट निप्पल दाबून ठेवायचा. वाढत्या डुकराला मिनिटाला लिटरभर तरी यायला पाहिजे, दूध पाजणाऱ्या मादीला दोन लिटर. माझ्याकडे चारशे मिली येत होतं! आत क्षार. डुक्कर काही निप्पलला तासभर लटकून राहत नाही, कंटाळून सोडून देतं आणि आपल्याला वाटतं पाणी तर चोवीस तास आहे. दूध पाजणारी मादी उन्हाळ्यात दिवसाला तीस-चाळीस लिटरपर्यंत पिऊ शकते. आणि टाकी! काळी टाकी पत्र्यावर उन्हात, दुपारी त्यातलं पाणी हातावर घेतलं तर चहा टाकता येईल. ती टाकी आंब्याखाली आणली, भोवती गोणपाट गुंडाळलं आणि ते सकाळ-दुपार भिजवतो. ह्याला खर्च शून्य आणि पिणं लगेच वाढलं.

बाकी घरगुती गोष्टी पटापट सांगतो. सिमेंटच्या पत्र्यावर चुन्यात थोडा फेविकॉल घालून दोन हात मारले, पश्चिमेला हिरवी नेट लावली कारण तीननंतरचं तिरकं ऊन थेट कप्प्यात येतं आणि पांढऱ्या डुकरांची कातडी भाजून सोलते. पत्र्यावर झावळ्या टाका सांगतात, टाकल्या, पण उंदीर आले, काढल्या. खाद्य पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी सातनंतर, दुपारी काही नाही, कारण खाल्लेलं पचवताना पण अंग तापतं. हॉटेलचं उरलेलं आणणाऱ्यांनी ते नीट उकळूनच द्या, उन्हाळ्यात आंबतं ते एक आणि २०२० पासून आसामकडून सुरू झालेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर हे दुसरं, त्यावर औषध नाही, एकदा घुसला की शेड रिकामी. गाडी भरायची असेल तर रात्री भरा, वसईच्या व्यापाऱ्याने एकदा दुपारी बारालाच गाडी लावली होती, मी नाही दिला माल, भांडण झालं तर झालं.

लोळायचा हौद पण बांधला होता पहिल्या वर्षी, वीतभर खोल. डुकरं खूश, एकदम पिकनिक, पण पाणी रोज बदलावं लागतं, नाही बदललं की त्यातच सगळं करतात आणि डास होतात. माणूसबळ असेल तर हौदासारखी मजा कशात नाही, आमच्याकडे मामा एकटेच, म्हणून बंद केला.

नराचं मी दुर्लक्ष केलं त्याची शिक्षा पण मिळाली. पहिल्या उन्हाळ्यात सगळं लक्ष माद्यांवर, नर कोपऱ्यातल्या कप्प्यात पत्र्याखाली. तसा आजारी बिजारी काही दिसला नाही. जूनमध्ये दोन माद्या दाखवल्या, दोन्ही उलटल्या, म्हणजे गाभण न राहता परत माजावर आल्या. डॉक्टर म्हणाले नराचं बीज तयार व्हायला दीड महिना लागतो, मे मध्ये तापलेल्या नराचा हिशेब जून-जुलैत निघतो. दोन माद्यांचे फुकट गेलेले दिवस आणि खाद्य धरलं तर एक वॉल फॅन सहज आला असता. म्हणून ह्या वर्षी पहिला पंखा नराला. मामा म्हणाले, "जावयाची सोय आधी."

आणि जे म्हणतात ठाण्यात कुठे एवढं ऊन पडतं, ४५ तर विदर्भात, त्यांना एकच सांगतो, २०२३ च्या १६ एप्रिलला खारघरच्या उघड्या मैदानात उष्माघाताने माणसं गेली तेव्हा पारा काही पंचेचाळीसला नव्हता. आपल्याकडे नुसता आकडा बघून चालत नाही, त्याच्या शेजारचा ह्युमिडिटीचा आकडा पण बघावा लागतो. मीटर चारशे रुपयांना मिळतं, सेट घ्यायच्या आधी ते घ्या आणि मे मध्ये दुपारी दोनला शेडमध्ये टांगून बघा. ह्युमिडिटी तिशी-चाळिशीत असेल तर खुशाल फॉगर लावा, साठ-सत्तर असेल तर फॉगरवाल्याला नमस्कार करून स्प्रिंकलर आणि पंख्याकडे वळा. माझ्याकडे फॉगर फेब्रुवारी-मार्चचे तीन-चार आठवडे चालेल, त्यासाठी पंचवीस हजार कोण घालतं.

दुकानात जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, तेव्हा काका असतात, दुपारनंतर फक्त शेठ. पार्किंग नाही, बाईक न्या. पंपाची एक वर्षाची वॉरंटी दिली होती, सातव्या महिन्यात सील गेलं तेव्हा कुरकुर न करता बदलून दिलं, हे पण लिहायला पाहिजे. लाइट गेली की मात्र हे सगळं बसतं, इन्व्हर्टरवर पंखा चालतो पण पंप नाही, त्याचं अजून जमवायचंय, सध्या लाइट गेली की मामा झारी घेऊन फिरतात.

काढलेले बारा फॉगर वर्षभर गोणीत पडून होते. विकायला टाकणार होतो, तर मेहुण्याचा फोन आला की त्याने दुसरी शेड टाकलीय, ते तसेच ठेवा, दिवाळीला येऊन घेऊन जातो. मी म्हटलं ने, पण फुकट नाही, दोन पोती मोसंबी टाक गाडीत.